सासूबाईंनी सही केलीय का?

...आणि वर लोक मलाच विचारतात, "काय रे आर्लन, तू तर घरीच बसून होतास, मग तुला कसली भीती?" कसली भीती! अहो, दाराबाहेर तो रोग, दाराच्या आत कंपनीचं ते मशीन, आणि दोघांच्या मधोमध सासूबाई! भीतीला आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती माझ्या छातीत राहायला आली होती... आठ महिने!

तुम्हाला सांगतो, मी काम करतो ती कंपनी गेम खेळायचे कन्सोल बनवते. कोणती कंपनी? नाव नका विचारू. अहो, सही केलीय मी! काहीही बाहेर सांगणार नाही अशा सत्तावीस पानांच्या करारावर, प्रत्येक पानावर. माझं काम काय, तर नवीन कन्सोल किती तापतो ते बघायचं. बाजारात येण्याआधी त्याला दिवसदिवस पूर्ण ताकदीनं पळवायचा आणि शेजारी बसून घाम कोणाला आधी फुटतो ते लिहायचं. त्याला की मला.

आता हे काम करायला आमच्याकडे प्रयोगशाळा आहे. तीन कुलपं, दोन पहारेकरी. पण मार्च महिन्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. एका दुपारी निरोप आला, सगळ्यांनी घरी जा. आणि मशीन? मशीनलाही घरी न्या! म्हणजे ज्या वस्तूचा फोटो बाहेर फुटला तर माझी नोकरी जाणार आणि वकील दारात उभे राहणार, ती वस्तू इथं अमेरिकेत, टकोमातल्या माझ्या छोट्याशा घरात! हातमोजे घातलेली दोन माणसं आली, पायरीवर काळा खोका ठेवला, मागे सरकली आणि लांबूनच ओरडली, "घरात कोणालाही दाखवायचं नाही. बायकोलासुद्धा नाही." बायकोपासून लपवायचं? अहो, मॉरीनपासून मी वाढदिवसाचा केक लपवू शकलो नाही कधी!

बरं, ठेवायचं कुठं? झोपायच्या खोल्या दोन. एक आमची. दुसरीत त्याच आठवड्यात सासूबाई आल्या, विनिफ्रेड, वय शहात्तर, फुप्फुसं अशी की चोवीस तास ऑक्सिजनचं यंत्र लागतं. त्या राहत होत्या त्या वृद्धाश्रमात रोग शिरला होता. मॉरीन म्हणाली, "माझी आई तिथं एक दिवस राहणार नाही." मी म्हणालो, "आण, आत्ता आण." त्यात मॉरीन स्वतः किराणा दुकानात गल्ल्यावर. दिवसाला तीनशे माणसं तिच्यासमोर खोकणार! घरी आली की गॅरेजमध्ये कपडे बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची, आणि आईच्या खोलीच्या दारापासून बारा पावलांवर उभी राहून हात हलवायची. मिठी नाही. मायलेकी एका छपराखाली, आणि मिठी नाही... जाऊ द्या.

तर मशीन कुठं ठेवलं? आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये कपड्यांची खोली आहे, खिडकी नसलेली. मॉरीनचे कोट, माझे सूट, आणि त्यांच्या खाली बसलेला मी! डोक्यावर लोकरीची बाही लोंबतेय, मांडीवर लॅपटॉप, समोर जगातलं सर्वात मोठं गुपित, आणि बाहेरून मॉरीन विचारतेय, "आर्लन, तू आत नक्की काय करतोस?" काय सांगू? सही केलीय मी!

तुम्ही म्हणाल, रोग आला तर पुढं ढकलायचा कन्सोल. अहो, ढकलतात होय? नाताळच्या आधी दुकानात गेलाच पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं! एरवी वसंतात आम्ही पंधराजण विमानानं कारखान्यात जातो, मशीनवर हात ठेवून बघतो. यंदा विमानंच बंद. मग तिकडं चीनमधला आमचा लियांग एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पेचकस घेऊन उभा राहायचा, आणि इकडून आमची साहेबीण प्रिसिला विचारायची, "लियांग, स्क्रू घट्ट बसला का? आवाज ऐकव." आता स्क्रूचा आवाज फोनवर ऐकून सांगायचा म्हणजे... नाडी पत्रानं कळवा म्हणण्यासारखंच की!

असं करत करत सप्टेंबर उजाडला. शेवटची चाचणी. बहात्तर तास, सलग. कुठंही थांबलं की पुन्हा शून्यापासून. माझा "हो" गेला की कारखाना सुरू, आणि पहिलं जहाज माल भरून निघणार. म्हणून कंपनीनं मला एक मोठा यूपीएससुद्धा पाठवला होता, म्हणजे वीज गेली तरी मशीन चालू राहील. मशीनची सोय होती हो. माणसांची कोणी केली होती?

आणि नेमकी त्याच आठवड्यात जंगलं पेटली. साऱ्या किनाऱ्यावर धूर! दुपारी बाराला आकाश विटेसारखं तांबडं. बाहेर जावं तर धूर, खिडकी उघडावी तर धूर, दुकानात जावं तर रोग. सासूबाईंच्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र, हवा गाळायचं यंत्र, गारव्यासाठी फिरता एसी, आणि स्वयंपाकघरात मॉरीनशी गाठ पडू नये म्हणून चहाची विजेची किटलीही तिथंच. घर एकोणीसशे एकावन्न सालचं. त्यांची खोली आणि माझी कपड्यांची खोली एकाच तारेवर, आणि सगळ्या घराला मिळून खटका एकच. आलं लक्षात?

माझ्या आलं नाही.

तिसरा दिवस. एकसष्टावा तास. दुपारचे दोन. मॉरीन दुकानात. मी कोटांखाली, पडद्यावर पंधरा चेहरे, प्रिसिला म्हणतेय, "आर्लन, तापमान?" मी म्हणतोय, "उत्तम, एकदम स्थिर..." आणि भिंतीपलीकडं सासूबाईंनी किटलीचं बटण दाबलं.

खट्!

सगळ्या घराची वीज गेली. माझं मशीन चालूच, यूपीएसवर, ऐटीत! लॅपटॉप चालू, इंटरनेटही त्याच यूपीएसवर चालू. आणि भिंतीपलीकडचा तो आवाज... सहा महिने आठही प्रहर ऐकलेला, घरघर-फुस्स, घरघर-फुस्स... बंद. तुम्हाला सांगतो, शांततेला मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

धावलो. सासूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, बोटाला ती रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवणारी चिमटी. आकडा अठ्ठ्याऐंशी. मला बघून म्हणतात, "आर्लन, घाबरू नकोस, चहा राहू दे." चहा राहू दे! राखीव सिलिंडर होता, पण तो उघडायची किल्ली मॉरीनच्या गाडीत, आणि गाडी दुकानात. विजेचा खटका वर करावा? तो गॅरेजमध्ये, आणि त्याच्यासमोर काय, तर मार्चमध्ये मीच भीतीपोटी रचलेली संडासच्या कागदाची भिंत! छतापर्यंत! एकेक गठ्ठा हलवायला किती वेळ लागेल? आकडा शह्याऐंशी.

डोकं चालेना. मग एकदम चाललं. यूपीएस!

पण यूपीएस मशीनला जोडलेला. दोन्ही पेलणार नाहीत, एक काढावंच लागणार. आणि त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मी उभा राहिलो. किती वेळ? दोन सेकंद असतील. पण राहिलो! एकसष्ट तास... जहाज... प्रिसिला... सही... सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या चाळीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होत्या, माणूस मनात काय वाचतोय ते त्यांना कव्हरावरून कळतं. म्हणाल्या, "तुझं काही अडत असेल तर मी थांबते." ओठ निळसर झालेले, आणि म्हणे थांबते!

मी त्यांचं यंत्र चाकांवर ढकललं, एका हातानं त्यांना धरलं, कपड्यांच्या खोलीत शिरलो आणि कंपनीच्या मशीनची वायर ओढली. फट्. मशीन काळं. पंधरा चेहरे बघतायत. ऑक्सिजनच्या यंत्राची वायर आत. घरघर... फुस्स.

सासूबाई माझ्या खुर्चीत, मॉरीनच्या हिरव्या कोटाखाली. त्यांच्यासमोर जगातलं सर्वात मोठं गुपित, उघडंवाघडं! मी घाईघाईनं त्यावर माझी विजार टाकली. काही उपयोग? तेवढ्यात प्रिसिलाचा आवाज आला, अगदी हळू, "आर्लन, त्या बाई कोण?"

"सासूबाई."

"त्यांनी सही केलीय का?"

सही! बाईच्या नाकात नळी, आकडा चौऱ्याऐंशी, आणि सही! मी काही बोलणार, एवढ्यात तिकडून, जिथं पहाटेचे पाच वाजले होते तिथून, लियांग ओरडला. तो कधी ओरडत नाही हो. "सही राहू दे, आधी बाईंचा आकडा सांग!"

मी बघितलं. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. यूपीएसच्या छोट्या पडद्यावर दिसत होतं, शिल्लक नऊ मिनिटं. मी गॅरेजकडं धावलो. कागदाचे गठ्ठे असे फेकले, असे फेकले, की एक फुटला आणि सगळ्या गॅरेजभर पांढरी गुंडाळी उलगडत गेली. डोक्यात एकच, मॉरीनला काय सांगू? रोगानं नाही, धुरानं नाही, तुझी आई माझ्या भित्रेपणानं गेली असं सांगू? शेवटचा गठ्ठा बाजूला, खटका वर, दिवा आला!

परत आलो तर काय? सासूबाई आणि लियांग गप्पा मारतायत! "तुझी आई कुठं असते?" "गावाला. जानेवारीपासून भेटलो नाही." "फोन करतोस?" "रविवारी." "रोज कर. रविवारपर्यंत फार दिवस असतात." आणि बाकीचे तेराजण माना खाली घालून बसलेले, प्रिसिलासुद्धा चष्मा पुसतेय. आकडा त्र्याण्णव. मग सासूबाईंनी माझ्या विजारीकडं बोट दाखवलं, "आणि हे खाली काय आहे?" पंधराच्या पंधराजण छताकडं बघायला लागले! काय सांगणार? आम्ही सगळ्यांनीच सही केलेली!

संध्याकाळी मॉरीन आली. मी सगळं सांगितलं. ते दोन सेकंदसुद्धा. मशीन म्हणालो नाही, "कामाची एक वस्तू" म्हणालो. मग बारा पावलं मोजणारी माझी बायको सात पावलांवर गेली, तिथंच थांबली, आणि तोंडाला फडकं दाबून रडली. आई आतून म्हणाली, "अगं, रडतेस काय, तुझ्या नवऱ्यानं मला इतक्या माणसांत बसवलं आज. किती दिवसांनी!"

मी मात्र अहवाल लिहायला बसलो. 'चाचणी एकसष्टाव्या तासाला थांबवली. कारण:' आणि पुढं अर्धा तास काही सुचेना. शेवटी लिहिलं, 'सासूबाई.' पाठवून दिलं आणि नोकरी गेल्याच्या निरोपाची वाट बघत बसलो. एक दिवस, दोन दिवस... दार वाजलं की मी कोटांखाली! तिसऱ्या दिवशी आलं की पाकीट! पण माझ्या नावानं नाही, सासूबाईंच्या. चौदा पानं, सही करून पाठवा. त्यांनी चार दिवस घेतले, सगळं वाचलं, लाल पेन्सिलीनं शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि मग सही केली. प्रिसिलाचं उत्तर आलं, "दहा मान्य. अकराव्यावर वकिलांचा विचार चालू आहे."

चाचणी पुन्हा शून्यापासून. या वेळी वायर स्वयंपाकघरातून ओढली, किटली माझ्या ताब्यात. बहात्तर तास मी मशीनचा आवाज ऐकतच नव्हतो, भिंतीपलीकडचा ऐकत होतो. मशीन पास झालं. पण पहिलं जहाज तोवर गेलं होतं. मग थोडा माल विमानानं, जागा मिळेल तसा. आणि धुरातून, रोगातून, बंद बंदरांतून नोव्हेंबरमध्ये तो कन्सोल एकदाचा बाजारात आला. समारंभ? कसला समारंभ! पडद्यावर पंधराजणांनी आपापल्या स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येकाची टाळी दुसऱ्याच्या मागून पोचली. त्याच दुपारी हातमोजेवाली माणसं आली आणि माझं मशीन घेऊन गेली. नियम आहे.

दोन मिनिटांत सगळा माल संपला म्हणे. आता गुपित नाही ना राहिलं, सासूबाईंनी फोन उचलला आणि वृद्धाश्रमातल्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलं, "माझ्या जावयानं बनवलाय तो!" झालं! अकरा आज्या, त्यांचे तेवीस नातू. "आर्लन बेटा, तू तर आतला माणूस, एक काढून दे ना!" अहो, आतला माणूस होतो, कोटांच्या आत! कर्मचाऱ्यांनाही मिळत नाहीये. मीसुद्धा सगळ्यांसारखा कॉम्प्युटरवर रांगेत नंबर लावून बसलोय, काल सकाळपासून. अठ्ठेचाळीस हजार तीनशे सहावा.

आठ महिने मशीन घरात होतं तर कोणाला सांगायची सोय नव्हती. आता जगाला ओरडून सांगायची सोय झालीय... तर मशीन घरात नाही!