तीन आठवडे नुसतं पाणी

...आणि वर मलाच म्हणतो, "बाई, तुम्ही सांगितलं नव्हतं!" अहो, सांगितलं नव्हतं? मी? तुम्हाला सांगते, अकरा वर्षं या रूसे गावात माशांचं दुकान चालवतेय, त्याआधी बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणजे तेहेतीस वर्षं मी सांगण्याशिवाय दुसरं काही केलेलंच नाही. नवरा साक्षीला आहे, झोपेतसुद्धा सांगत असते म्हणतो. आणि हा टाय लावलेला धोंडा माझ्या काउंटरवर पिशवी ठेवतो, पिशवीत मेलेला मासा, पोट वर, आणि तोंड वर करून म्हणतो, सांगितलं नव्हतं!

माझ्या दुकानाचा नियम एकच आहे हो. आधी रिकामी टाकी घरी न्या. पाणी भरा, गाळणी लावा, आणि तीन आठवडे नुसतं पाणी ठेवा. मग त्यातलं थोडं बाटलीत घालून मला आणून दाखवा, मी तपासते, आणि मग मासा. का? कारण मासा मुततो. स्पष्टच बोलते, तुम्ही घरचेच आहात. मासा जिथे राहतो तिथेच मुततो, त्याला काही वेगळं न्हाणीघर नसतं, आणि ती घाण खाणारे बारीक जिवाणू नव्या पाण्यात नसतात, ते वाढायला तीन आठवडे लागतात. नाहीतर बिचारा स्वतःच्याच मुतात भाजून मरतो. हे मी आठवीच्या पोरांना समजावलं होतं, त्यांना समजलं होतं. बापांना समजत नाही.

एक बाई मला म्हणाली, "तीन आठवडे घरात नुसती पाण्याची टाकी? पाहुण्यांना काय सांगू?" म्हटलं, सांगा, मासे लाजाळू आहेत. गेली तरातरा निघून. मॉलमध्ये. तिथे ते झगमगीत दुकान आहे ना, निळे दिवे, गाणी, गुलाबी खडे, तिथे अर्ध्या तासात टाकी, पाणी, मासा, सगळं एकदम. लग्न, बारसं आणि तेरावं एकाच दिवशी.

लोक मला विचारतात, दोष कोणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? मी म्हणते, विकणारा लुच्चा आणि घेणारा बावळट, आणि दोघांची इतकी छान जोडी जमते की मधे कोणी बोलू नये. पण आठवड्याने पिशवी घेऊन हे बावळट मॉलमध्ये जात नाहीत, माझ्याकडे येतात! आणि म्हणतात काय? तुम्ही सांगितलं नव्हतं!

बरं, हे वर्षभराचं झालं. सहा डिसेंबरचं ऐका. संत निकोलसचा दिवस. निकोला, निकोलाय, निकोलिना, कोल्यो, सगळ्यांचा नावदिवस, म्हणजे अर्ध्या गावाचा. बोलावणं नसतं, लोक आपले येतात, दार उघडं ठेवायचं आणि अक्रोड-कांदा भरलेला कार्प मासा भाजून तयार ठेवायचा. शतकानुशतकं चाललंय, कोणाचं काही बिघडलं नाही. पण यंदा कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे... माशांचा दिवस आहे ना, मग निकोलायला जिवंत मासाच भेट देऊ या! झालं. सकाळी आठ वाजता माझ्या दारात रांग.

पहिला कोण? दोब्रोमिर. माझा जुना विद्यार्थी, आता कुठल्याशा कचेरीत चाळिशीचा साहेब झालाय. रसायनात मी त्याला दोन दिलेले, सहापैकी, म्हणजे नापास, आणि आजही मला त्यात बदल करावासा वाटत नाही. काखेत काचेचा गोल बाउल. बाउल कसला, फुलदाणी. "बाई, एक सोन्यासारखा मासा द्या यात. आमच्या मोठ्या साहेबांना. संध्याकाळी सातला जायचंय."

"टाकी लावून किती दिवस झाले?"

"टाकी हीच. वाटेत घेतली."

"दोब्रोमिर, बस खाली," मी म्हटलं. बसला! चाळीस वर्षांचा बाप्या, खुर्चीवर गुडघे जुळवून बसला. मी सगळं सांगितलं, मूत, जिवाणू, तीन आठवडे. ऐकून म्हणतो काय, "पण बाई, दर वर्षी आमच्या बाथटबमध्ये कार्प असतो, दोन दिवस, ना गाळणी ना काही. मस्त जगतो!"

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी खातो."

आता बोला. आमच्या लोकांचा हा सगळा अभ्यास! पिढ्यान् पिढ्या बाथटबमध्ये मासा बघितलाय, म्हणून प्रत्येक जण माशांचा डॉक्टर. अरे, तो तुझ्याकडे राहायला आला नव्हता, भट्टीत जायच्या रांगेत उभा होता! मी मासा दिला नाही. रांगेत मागे उभ्या चौदा जणांनाही दिला नाही. चौदाच्या चौदा मॉलमध्ये गेले, जाताना एक जण पुटपुटला, "ही दुकान चालवते की परीक्षा घेते?" दोन्ही, महाशय. आणि तुम्ही दोन्हीत नापास.

आता, तुम्हाला सांगायचं राहिलं, माझं नाव निकोलिना. म्हणजे संध्याकाळी माझ्याही घराचं दार उघडं. दुकान खाली, घर वर. बारा माणसं, भट्टीत कार्प, आणि आमचा कुझमान, म्हणजे माझा नवरा, राकिया दारूची बाटली मांडीवर घेऊन सगळ्यांना तीच जुनी गोष्ट सांगतोय. आणि साडेआठला दारात कोण? दोब्रोमिर. हातात तोच बाउल. बाउलमध्ये गुलाबी खडे आणि बोटाएवढा सोनेरी मासा, वर तोंड काढून हवा गिळतोय.

"बाई, नावदिवसाच्या शुभेच्छा! साहेबांकडे आधीच चार आलेले, म्हणाले घेऊन जा. मग आठवलं, तुमचं पण नाव निकोलिना. तुम्हाला तर मासे आवडतातच."

आवडतातच! म्हणजे साहेबाने लाथाडलेला, मॉलमधून आणलेला, अर्धमेला मासा, मला! पण नावदिवसाची भेट, दारातून परत पाठवता येते का? घेतली. म्हटलं, बस, जेव. तो बसला आणि माझाच कार्प दोनदा घेऊन जेवला, आणि इकडे बाउलमध्ये तो जीव धापा टाकतोय. बारा माणसं हसतायत, भट्टीतून धूर येतोय, कुझमान ओरडतोय, "लिना, पाव!" आणि माझं लक्ष त्या तोंडाकडे... उघड, मीट, उघड, मीट.

मग मी काय केलं? सांगते. हसू नका. मी बाउल उचलला, धावत खाली दुकानात गेले आणि तो मासा दिरेक्तोरच्या टाकीत सोडला.

दिरेक्तोर कोण? माझा मासा. विकायचा नाही. नऊ वर्षांचा, तळहाताएवढा, आमच्या शाळेच्या दिरेक्तोरसारखा, म्हणजे हेडमास्तरांसारखा, पोट पुढे काढून फिरतो म्हणून ते नाव. मी सकाळी दिवा लावला की काचेशी येतो, आणि जोवर मी त्याच्याशी बोलत नाही तोवर हलत नाही. शाळेची नोकरी सुटली, त्यानंतर दोन वर्षांनी तो आला. खरं सांगते, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा गावात तोच एक.

आणि नवा मासा आधी पंधरा दिवस वेगळा ठेवायचा, हे कोण सांगतं? मीच सांगते. भिंतीवर लिहिलंय, लाल अक्षरात. पण मला वाटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे... बारा माणसं वर... पाव द्यायचाय... एका रात्रीने काय होतंय? बघा, माझ्या तोंडून. एका रात्रीने काय होतंय!

आठव्या दिवशी दिरेक्तोरच्या शेपटीवर पांढरे ठिपके. काकडीवर मीठ भुरभुरावं तसे. दोब्रोमिरचा मासा तर तोवर गेलाच होता. आणि दिरेक्तोर दिव्याकडे यायचा थांबला. तळाशी, कोपऱ्यात. मी बोलतेय, बोलतेय, तो बघतसुद्धा नाही. रडले हो मी, काउंटरमागे, गिऱ्हाइकांसमोर. कुझमान खाली आला, बघितलं, आणि म्हणाला, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं म्हणाला नाही. म्हणाला असता तर आज मी विधवा असते.

औषध? ठिपक्यांचं औषध घरात कायम ठेवा, हे मी प्रत्येकाला बजावते. माझ्याकडे बाटली होती. रिकामी. माल गुरुवारी येणार, आणि वार कोणता? रविवार. रविवारी माझ्याशिवाय गावात माशांचं एकच दुकान उघडं.

गेले. डोक्याला रुमाल बांधून, कोणी ओळखू नये म्हणून. निळे दिवे, गाणी. काउंटरवर रालित्सा नावाची मुलगी, छातीवर पाटी, जांभळी नखं. आणि मला वाटलेलं की मी शांतपणे औषध मागेन, पण तिला बघितलं आणि माझा तोल गेला. "तुमच्या दुकानातून सहा तारखेला आजारी मासा विकलात! माझा नऊ वर्षांचा मासा मरतोय!"

"कोणाला विकला, आजी?" आजी म्हणाली मला.

"दोब्रोमिरला. गोल बाउलवाला, लांब तोंडाचा."

"हां, ते गृहस्थ. त्यांना सांगितलं होतं मी. बाउलमध्ये ठेवू नका, आणि दुसऱ्या माशांत लगेच सोडू नका, पंधरा दिवस वेगळा ठेवा. हो हो म्हणाले. तुम्ही वेगळा ठेवला होता ना?"

आणि तुम्हाला सांगते, तेहेतीस वर्षं सांगितलेलं, भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलं, सगळं त्या निळ्या दिव्यांखाली गळून पडलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं, "मला कोणी सांगितलं नव्हतं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखते हो. अकरा वर्षं मी लोकांकडे तशीच बघतेय, फक्त समोरून कधी बघितली नव्हती. मग तिने औषधाची बाटली काढली आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगायला लागली, "हे बघा आजी, दिवसाआड, एवढे थेंब, आधी पाणी थोडं कोमट करायचं, दिवा बंद ठेवायचा, गाळणीत कोळसा असला तर काढून टाकायचा..." चांगलं सांगत होती. नेमकं, क्रमाने. मी तिला सहापैकी सहा दिले असते.

पण तिच्या मागच्या टाकीत एक मासा होता. निळा, काठाला चांदीची झालर, आणि असा वळायचा की बघतच राहावं. आणि मी विचार करत होते, हा दिरेक्तोरशेजारी किती शोभेल.

"समजलं ना आजी सगळं?" रालित्साने विचारलं.

"हो हो," मी म्हटलं. "आणि हा निळा केवढ्याला?"