पहिलं नाव गोलकीपरचं

मंडळी, बसा. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, सतरंजीवर जागा आहे. एरवी मला बोल म्हणून सांगावं लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज तोंड उघडलं की वाटतं, विश्राम परब आता मधेच तोडणार. म्हणून थांबतो. तो काही तोडत नाही.

विश्राम पोर्टवर फोरमन होता आणि आपल्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. मंगळवारी कामावरच छातीत कळ आली, खलास. आणि उद्या शुक्रवार. उद्या वाटणी.

नवीन मंडळींसाठी सांगतो. दर वर्षी लीगच्या आधी जुन्या टीम मोडतात, खोर फक्कानच्या सगळ्या लेबर कॅम्पांतले खेळाडू मैदानात रांगेने उभे राहतात आणि कॅप्टन आळीपाळीने एकेक नाव घेतात. कंपनीचा साहेब त्याला ड्राफ्ट म्हणतो. आपण कोकणातले, आखातात येऊनही घरच्या जमिनीसारखं वाटणी म्हणतो. यंदा चिठ्ठी टाकली तेव्हा पहिला मान आपल्याला मिळाला. मग पहिलं नाव कोणाचं?

यावरच विश्राम आणि मी भांडत होतो. रोज. दुपार कलली की सूर्य डोंगराआड जातो आणि डोंगराची सावली वाळूवरून हळूहळू समुद्राकडे निघते. निम्मी टीम सावलीत, निम्मी उन्हात. लांबच्या क्रेनी पाण्यावर तरंगल्यासारख्या. आम्ही दोघं त्या सावलीच्या काठावर चहा घेऊन बसायचो. सावली सरकली की आम्हीही सरकायचो. मी म्हणायचो, फॉरवर्ड घे, बशीरला घे. गोल कोण मारणार? बशीरभाई, तुम सामने बैठे हो इसलिए नहीं बोल रहा, सच है.

विश्राम म्हणायचा, गोलकीपर. सदानंद.

सदानंद माझ्याच स्कॅफोल्डिंगच्या कामावर आहे. खालून फेकलेले लोखंडी क्लॅम्प वर परांचीवर उभा राहून झेलतो. एकही सुटत नाही, मान्य. पण म्हणून पहिलं नाव? गोलकीपर तर शेवटीही मिळतो. तेव्हा विश्राम हसला. म्हणाला, "अरे, वाटणीत सगळे आंब्याच्या कलमांकडे बघतत. बावडी कोण मागता? मगे मे म्हयन्यात कळशी घेवन खंय जातलस?"

मी हेल्पर म्हणून इथे आलो, आज माझ्या हाताखाली माझी स्वतःची माणसं आहेत. ते कानांच्या जोरावर. कोण काय बोलतो ते मला ऐकू येतं. एका दुपारी मेसच्या मागून जाताना विश्रामचा आवाज कानी पडला. सदानंदची आई नुकतीच गेलेली. त्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं. तो जेवत नव्हता. व्हिसा कॅन्सल करून जातो म्हणत होता. जाणार कुठे, घरी कोणीच उरलं नव्हतं. विश्राम त्याला एवढंच म्हणाला, "शुक्रवारी रांगेत उभो रव. पयला नाव तुझाच येतला."

संध्याकाळी आम्ही पुन्हा भांडलो. त्याने खरं कारण सांगितलं नाही, मी ऐकलंय हे मी सांगितलं नाही. दोघंही फुटबॉलवरच बोलत राहिलो.

काल दुपारी माझा डोळा लागला. स्वप्नात तीच रांग होती. नावं घेतली जात होती, रांग विरत होती, सावली पायांवरून पुढे चालली होती. शेवटी सदानंद एकटा उभा. त्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

टीमने आता मला कॅप्टन केलंय. फॉरवर्ड आधी घ्यावा हे माझं मत अजून बदललेलं नाही, विश्राम. पण उद्या पहिलं नाव मी सदानंदचं घेणार.

बशीरभाई, तुम दूसरी टीम से खेलोगे. हम पे गोल मारना, दिल से मारना.

सदानंदला साहेबाने आज सुटी दिली नाही, तो इथे नाही, म्हणून हे सगळं बोललो. उद्या तो विचारेल, मीच का? सांगा, झेलतोस चांगला. ते खरंच आहे.

आता उभे राहू या. विश्रामसाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नका. आणि सदानंदसमोर यातलं काही, कधीच.