नवऱ्याच्या मापाचा ट्रॅक्टर

— नाही, बसत नाही मी, डॉक्टरीणबाई, उभीच बरी. सकाळी इथे सैन्यभरतीत तुम्ही लेव्कोची उंची मोजलीत ना — नाचतच घरी आला, आई, मला टँकवर घेतलं, चालक म्हणून! टँकवर? टँकवाल्यांसाठी भिंतीवर मारलेल्या तुमच्या त्या लाल खुणेच्या चांगला चार बोटं वर जातो माझा लेक. गुडघे वाकवले असणार त्यानं. एवढ्या रांगेत गुडघे बघतंय कोण?

मला काय कळतं म्हणा टँकमधलं? काही नाही. आमचे हे खारकीवच्या कारखान्यात ट्रॅक्टर बनवतात, फक्त ट्रॅक्टर, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मग नोव्हेंबरात क्रांतिदिनाच्या संचलनात तोच ट्रॅक्टर तोफ घेऊन जातो आणि आम्ही टाळ्या वाजवतो — काय नांगरायला जातो कोण जाणे. फार हुशार डोकी हो! टँक बुटका हवा, शत्रूला दिसू नये. म्हणून गोळे भरणारा माणूसच काढून टाकला, यंत्र भरतं. सुरुवातीच्या गाड्यांचं इंजिन सारखं धापा टाकून बसायचं, पण बुटक्या मात्र होत्या हं. आणि बुटक्या टँकला माणसंही बुटकीच लागणार. टँकच्या लाकडी नमुन्यात पहिल्यांदा कुणाला बसवलं? आमच्या ह्यांना, ओस्तापला! मावतोय म्हटल्यावर साहेबलोक खूश. माझ्या नवऱ्याच्या मापानं बेतलाय तो — आणि पोराला बापाच्या मापात मावायचंय.

गोळे कुठे ठेवलेत? माणसांच्या बुडाखाली, गोल मांडून. चालक पुढे एकटा. तोफ त्याच्या डोक्यावरच्या झाकणावर आली की झाकण उघडत नाही. ह्यांनीच सांगितलं, जेवताना, पळी फिरवून दाखवली. मग तो बाहेर कसा येणार? तर म्हणे, मागे तोफेपाशी बसलेले दोघे ती फिरवतील. आणि ते दोघे उरलेच नाहीत तर? — तर ह्यांनी आणखी बोर्श सूप मागितलं.

हे तुम्हाला सांगायला नको होतं मी. गुपित असतं ना ते. द्या मला पकडून, पण आधी त्याला मोजा.

ये रे आत. बूट काढ. टाचा भिंतीला — गुडघे, लेव्को. सरळ. नाहीतर मी धरते. हं. बघा बाई, चार बोटं. लिहा.

असा बघू नकोस माझ्याकडे. जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल मला.

काय म्हणालात? जागा भरायलाच हवी? मग भरा की, मी कुठे नाही म्हणते? बाहेर बाकावर तो एक बसलाय, मोठ्या कानांचा, पाय जमिनीला जेमतेम टेकतायत — त्याच्याबरोबर कुणी आलेलं नाही. चल, लेव्को. आणि तू रे, बाळा, ऊठ. आत बोलावलंय तुला.