डावीकडं वळलं की वाजतं

काय सांगू तुमाला, माजा जलमच मेंढरातला. आई वागरीच्या कडंला बाळतीण झाली, वागर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी, अन् तळ हालला तवा मी घोड्यावर, पाटीत, कोकरांसंगं. साळा म्हनाल तर दुसरी, ती बी अर्धीच. पन कान माजा लहानपनापसून तिखट. अंधारात मेंढरू खोकलं तर कोनतं खोकलं ते मी सांगायचो. बाप म्हनायचा, ह्याला डोळे नसते तरी चाललं असतं. हे मी कावून सांगतो, तर म्होरं सगळं कानाचंच हाय.

मंग मेंढरं कमी झाली, रानं उसाखाली गेली, चारायला जागा ऱ्हाईना. म्या बैलगाडी हाकली, कारखान्याला ऊस व्हायला, मंग दुसऱ्याच्या जीपवर हात बसवला, मंग हा पिकअप घेतला. आता लोकांची शेरडं बोकडं बाजारला न्हेतो, युसूफ वडगावहून केजला. गाडी मपली, किल्ली मपल्या करदोट्याला. रुक्मिन, माजी बायको, म्हनती, आंगुळीला बी सोडत न्हाईत.

तर औंदा उन्हाळ्यात गाडीला आवाज लागला. फाट्यावर डावीकडं वळलं की खर्रर्र, जात्यात खडा गेल्यावानी. सरळ चालली की कमी, उजवीकडं वळली की काहीच न्हाई. मी थांबायचो, उतरायचो, चाकाखाली वाकून बघायचो, काही दिसायचं न्हाई. परत चढायचो, परत खर्रर्र.

भागवत, पोरगं माजं, केजला पाइपाच्या दुकानात हाय. त्याला सांगितलं. त्यानं सुट्टीच्या दिशी गाडी काढली, गावाला चक्कर मारून आला अन् म्हनला आबा, काहीच वाजत न्हाई. म्हनलो डावीकडं वळवली का. म्हनला डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, गाडी चांगली हाय. मंग म्हनला, आबा, कानाच्या डॉक्टरला दावू एकदा, ज्याला नसलेला आवाज येतो त्याला उद्या मागचा हारन ऐकू आला न्हाई तर काय करायचं, किल्ली माज्याकडं द्या. म्या म्हनलो, बे, तुज्या जल्माच्या आधीपसून मी ष्टेरिंग धरतो. तो म्हनला, म्हनूनच.

म्हनूनच म्हनला.

बरं, बाजारला निघालो की आवाज हाय, लेक बसला की न्हाई. रुक्मिनला शेजारी बसवली, म्हनलो ऐक, तर ती म्हनली एवढी शेरडं वरडतेत त्यात काय ऐकू. एकदा मीच रिकामी गाडी काढली, फाट्यावर वळवली, तर मला बी आवाज आला न्हाई. गाडी वाजती का माजं डोस्कं वाजतंय, मला काही उमगंना. लोक गाडी नीट ऱ्हावी म्हनून नवस बोलतेत, म्या बिरोबाला नारळ कबूल केला की गाडी बिघडलेली निघू दे.

केजला रहीम मिस्त्री हाय, त्याच्याकडं गेलतो, भागवतला बी बोलावून घेतलं. रहीम म्हनला, क्या आबा, कोनतं चाक. म्हनलो डावं. म्हनला उजवं बी बघू. म्हनलो तुला डावं सांगितलं ना. कावून, तर बैलगाडी डावीकडं वळवली की डावं चाक जाग्यावर रगडतं, कुरकुरतं ते तेच, उजवं आपलं मोठा वळसा घेऊन मोकळं पळतं. उसाच्या गाडीवर उमर गेलेल्या मानसाला हे कुनी शिकवायचं न्हाई. रहीमनं डावं म्होरलं खोललं, डावं मागलं खोललं, बेरिंग नव्यावानी. ग्रीस भरलं, झाकून टाकलं. भागवत बाजूलाच हुबा होता. त्यानं हात म्होरं केला, किल्लीसाठी.

म्या म्हनलो, रहीम, बोकडं भर. म्हनला क्या. म्हनलो बाजार भरलाय म्होरं, माज्या गिऱ्हाइकांची बोकडं हायेत तिथं, ती भर, ही रिकामी बोलत न्हाई. रहीम हासला, म्हनला ठीक हाय, पन गाडी मी चालवनार, तुमी मागं बसा. मागं. म्या मपल्या गाडीत मागं कधी बसलो न्हवतो. पन बसलो, भागवत बी बसला, बोकडांत, गुडघे पोटाशी घेऊन. रहीमनं मोकळ्या जागंत डावीकडं वळवली तर सगळी बोकडं ढकलत उजवीकडं, माज्या अंगावर, अन् माज्या बुडाखाली खर्रर्र. उजव्या चाकात. भागवतच्या मांडीवर एक दाढीवाला बोकड, त्याच्या शिंगाआडून तो माज्याकडं बघतोय, म्हनला आबा, वाजतंय की.

काय सांगू, एवढा आनंद मला त्याच्या लग्नात झाला न्हवता.

रहीम म्हनला, डावीकडं वळलं की समदा भार उजव्या अंगाला लोटतो, बोकडांचा बी अन् तुमचा बी. मागल्या उजव्या चाकाचं बेरिंग गेलंय, भार पडला की वरडतं, रिकाम्या गाडीत वरडंल कावून. जॅक लावून त्यानं चाक हातानं फिरवलं, मला म्हनला पाट्यावर, चाकावरल्या स्प्रिंगीच्या पट्टीवर, हात ठेवा, तर दाने भरडल्यावानी हाताला लागलं. नवं बसवलं. मला ते डाव्याउजव्याचं अजून पटलेलं न्हाई, बैलगाडीचं डावंच वाजायचं, ह्या कानानं ऐकलंय. पन किल्ली माज्या करदोट्याला ऱ्हायली अन् डॉक्टराचं नाव कुनी काढलं न्हाई. बिरोबाला नारळ फोडला. पुजारी इचारतो काय पावलं, म्हनलो गाडी बिघडली.

आता एवढं लिहून घेतलंत तर आनखी एक सांगतो. परवा फाट्यावर डावीकडं वळलो, गाडी भरलेली, अन् मला वाटलं, लई बारीक, खर्रर्र. रहीमकडं गुपचूप जाऊन आलो, त्यानं चारी चाकं फिरवली, म्हनला आबा, लोन्यावानी फिरतेत. मंग हे काय हाय? घरात कुनाला इचारलं न्हाई, इचारायचं धाडस न्हाई.

तुमचं वय अजून कवळं हाय, कान चांगले असतील. बाजारापतूर चला माज्यासंगं. मागं बसा, उजव्या अंगाला, बोकडं काही करत न्हाईत. फाट्यावर वळलं की मला खरं सांगा, माजं मन राखायला सांगू नका. आवाज आला तर बिरोबा तुमच्या लेकराबाळांचं भलं करो. अन् न्हाई आला, तर ही किल्ली तुमीच न्हेऊन द्या भागवतच्या हातात. माज्यानं ते व्हायचं न्हाई.