पहिल्या काउंटरची बिजली

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमचे मालक, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, सत्कारमूर्ती बाई, त्यांचे यजमान, आणि दुकान लवकर बंद करून इथे जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

दुकानाचा व्यवस्थापक म्हणून दोन शब्द बोलायला मला सांगितलंय. बाईंना आपण ‘बिजली’ म्हणतो. का? डाव्या हाताने तेलाचा डबा उचलला, उजव्या हाताने बिलाच्या मशीनवरून फिरवला, की टिक! पुढचं गिऱ्हाईक! लांबच लांब रांगा बाईंनी बघता बघता संपवल्या. म्हणून तर पहिला काउंटर मी त्यांना कधी सोडू दिला नाही. त्या म्हणायच्या, “साहेब, बोटांना मुंग्या येतात, थोडे दिवस दुसरं काम द्या.” मी म्हणायचो, “बाई, नाचणारीने पाय दुखतात म्हणून चालेल का?”

मग त्या मनगटाला पट्टी बांधून यायला लागल्या. मी प्रेमानेच सांगितलं, पट्टी काढा. लोक सामान घ्यायला येतात, दुखणी बघायला नाही. बाईंनी लगेच काढली. याला म्हणतात शिस्त!

एकदा यांचे यजमान भेटायला आले. म्हणाले, “साहेब, तिला अंबाडासुद्धा घालता येत नाही हो. मीच घालतो.” मी म्हटलं, “भाग्यवान आहे बाई! आमच्या घरी या वयात कोण एवढं करतं?” वहिनीसाहेब, तुम्ही हसताय, पण ते काही हसले नाहीत.

पुढे शीर दबली म्हणून ऑपरेशन झालं. बाई परत आल्यावर मनगटाला विश्रांती म्हणून मी त्यांना बाहेरच्या ढकलगाड्या गोळा करायला दिल्या. तेही जमेना. पुन्हा काउंटरवर बसवलं, तर मधाची बरणी हातातून निसटली ती थेट एका गिऱ्हाइकाच्या पायावर. मग मात्र माझा नाइलाज झाला. मी म्हटलं, “बाई, तुम्ही आम्हाला हव्या आहात हो, पण तुमचे हात आता कामाचे राहिले नाहीत.” त्या शांतपणे म्हणाल्या, “घरून आणले तेव्हा चांगले होते, साहेब.” बघा, जातानासुद्धा विनोदबुद्धी शाबूत!

आता एक आनंदाची बातमी. पहिला काउंटर उद्यापासून बाईंची लेक सांभाळणार आहे. मुलाखतीत मी तिची बोटं बघितली, अगदी आईवर गेली आहेत. बाई माझ्या केबिनमध्ये आल्या होत्या. “तिला नका घेऊ, साहेब.” मी म्हटलं, “अहो, घरात आता कमावणारं दुसरं आहे कोण?” पोरीने सही केली.

असो. मालकांनी वेळ दिला, आपण सगळे थांबलात, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. चला, आपल्या बिजलीसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!

बाई, तुम्ही राहू द्या. तुम्हाला त्रास होईल.