फक्त प्रिंटर राहिलाय

बसच्या रांगेत एका बाईंच्या पुढे एक कॉम्प्युटरवाला थोरल्या बहिणीशी बोलत होता. त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. बाईंचे कान तिकडेच.

"नव्या साहेबांचा कॉम्प्युटर वेगळ्याच घराण्यातला, ताई. आमच्या नेटवर्कला चार दिवस दाद देईना. आज एकदाचा जोडला."

"मग तोंड का पाडलंयस?"

"आमच्या मशीनवर लपवलेले फोल्डर त्याच्यावर उघडे दिसतात. एकात कमी करायच्या माणसांची यादी होती."

"अगंबाई! तुझं नाव?"

"पहिलंच. पुढे लिहिलंय, नवा कॉम्प्युटर जोडून झाल्यावर."

"आणि तू जोडून मोकळा झालास?"

"प्रिंटर राहिलाय म्हणून सांगून आलोय."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"प्रिंटर जोडायला किती वेळ लागतो रे?" ताईनं विचारलं.

"दहा मिनिटं."