पाखाडीवरचा हात

मी मूळची लांज्याच्या आतल्या गावातली, सासर पण तिथंच डोंगर उतरला की, म्हणजे हवा बदलली नाय, पाणी बदललं नाय, फक्त चूल बदलली. भातशेती थोडी, बाकी सगळा सडा, नुसता कातळ. मालक मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे, येताना पोरीला खाऊ आणि मला वासाचा साबण आणायचे, तो मी अंगाला लावायची नाय, कपड्यांच्या पेटीत ठेवायची.

अठ्ठ्याण्णव साली ते कायमचेच आले, नुसती हाडं. मुंबईला रक्त तपासलेलं, काय निघालं ते त्यांनी मला पाणंदीत उभं करून सांगितलं आणि बोलले, तुझं पण बघावं लागेल. मी रागावले नाय असं कसं सांगू, खूप रागावले, जेवण वाढायची पण बोलायची नाय. मग बोलायला लागले, कारण माणूस जाणार हे दिसत होतं. भातलावणीच्या आधी गेले.

दहाव्याला पऱ्याच्या पाण्याकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. भावकी बोलली, तुझ्या पोरीला शिकवू. गावचे मानकरी, गावकार बोलले, घराचं राहिलेलं काम पुरं करू. कावळा फांदीवर बसून माझ्याकडेच बघत होता, हे मी एकटी नाय बोलत, सगळ्यांनी बघितलं. ऊन डोक्यावर आलं, माणसं कंटाळली. मग सासू पुढं झाली, पदर पसरला आणि बोलली, बाबा, तुझी बायको पण येईल रे तुझ्या मागनं, तू आता जेव. आणि कावळा उतरला. माझ्याकडे कोणी बघितलं नाय. सासू वाईट नव्हती हो, पोर उपाशी जाऊ नये म्हणून बोलली, पण बोलली ना.

माझं रक्त पण तसंच निघालं. मी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला लागले, चिकानं बोटं काळी झाली. पुढं काही वर्षांनी रत्नागिरीत एका संस्थेच्या केंद्रावर ह्या आजाराच्या गोळ्या मिळायला लागल्या, फुकट. त्या गोळ्यांनी मी उभी राहिले, अंगावर मांस आलं, पोरगी बोलली, आये, तू पहिल्यासारखी दिसतेस. आणि मी जगणार असं वाटायला लागलं तेव्हाच ते यायला लागले.

दुपारच्या सुट्टीत मी घरी जेवायला यायची. वाटेत पाखाडी हाय, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, आणि वर आंब्याखाली गाव राखणाऱ्या देवाची, राखणदाराची जागा. बाराच्या उन्हात तिथं कोणी थांबत नाय, पाखरू पण ओरडत नाय. त्या वळणावर छातीवर हात पडायचा. दुखायचं असं नाय, दाबायचं, मग डावा खांदा धरायचा, मग जबडा. मी थांबले की सुटायचा, चालायला लागले की परत. काय सांगू तुमाला, मला कळलंच कोण ते. सासूनं शब्द दिलेला, ते न्यायला आले. पोरगी तेव्हा शाळेत, तिला मागं कोण? गावकारांनी गाऱ्हाणं घातलं, राखणदाराला कोंबडा दिला, दर वर्षी दिला. हात यायचा तो यायचाच.

केंद्रावर बाकड्यावर माझ्या शेजारी जुलेखा बसायची, मिरकरवाड्याची, लिलावात मासळी घेऊन विकणारी. तिचा नवरा जहाजावर होता, तो पण ह्याच आजारानं गेलेला. बाहेर ओळख दाखवायची नाय असं आमचं ठरलेलं, आत मात्र बहिणी. एकदा मी तिला हाताची गोष्ट सांगितली, हळू आवाजात. तिनं माझा हात उचलून आपल्या छातीवर ठेवला, त्याच जागी. बोलली, अगो, माझ्याकडं पण येतो, जेटीवर बर्फाची पाटी उचलली की येतो, मौलवी बोलतात जिन हाय, ताईत दिलाय. मला हसू आलं आणि हसता हसता अंगावर काटा आला. माझा नवरा डोंगरातला, तिचा जिन दर्यावरचा, आणि धरायची जागा दोघांची एकच.

केंद्रातल्या सिस्टरनं ते ऐकलं. तेव्हा केंद्रात रक्त बघायचे, खोकला बघायचे, छातीसाठी दुसऱ्या दवाखान्यात जायला लागायचं, भर बाजारातनं. सिस्टर बोलली, दोघी आजच्या आज जा, हा आजार अंगात मुरला की काळजाच्या नळ्या पण धरतो. मी गेले, छातीला मशीन लावून माझी काळजाची पट्टी काढली, ईसीजी बोलतात ती. जुलेखा बोलली, तिथं आमच्या वाड्यातली माणसं बसलेली असतात, कोणी पाठवलं विचारतील, काय सांगू त्यांना, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी बाकड्यावर मी एकटी. लिलाव चालू असताना जेटीवर ती खाली बसली आणि उठलीच नाय. वाड्यात बोलतात, जिन घेऊन गेला. मी मयतीला गेले नाय, कोण म्हणून जाणार?

त्यानंतर सिस्टर भांडली का डॉक्टर भांडले मला ठाऊक नाय, पण पट्टीचं मशीन केंद्रातच आलं, प्रेशरचं पण आलं. आता जो गोळ्या न्यायला येईल त्याची छाती त्याच खोलीत बघतात, पडदा लावून, कोणाला बाजारातनं जावं लागत नाय. नवी बाई बाकड्यावर बसून छाती चोळायला लागली की मी विचारते, तुझ्याकडे कोण येतं गो? कोणाचा दीर येतो, कोणाची सवत. बरं बरं बोलते आणि पडद्याआड ढकलते.

मला काळजाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि एक बारकी गोळी जिभेखाली ठेवायची, ती मी पदराच्या गाठीत बांधते. पहिल्यांदा पाखाडीवर ठेवली तेव्हा हाताची बोटं एकेक करून सुटली. पोरगी बोलली, बघ आये, कोणी नव्हतं, नळी होती. असेल. सासू मरायच्या आधी माझ्याजवळ रडली, बोलली, मी शब्द मागं घेते गो. पण ज्याला दिलेला तो ऐकायला कुठं होता?

आता पोरीचे दिवस भरत आलेत, बाळंतपणाला माझ्याकडेच आलेय. तुमी एवढ्या लांबनं येऊन माझं बोलणं लिहून घेताय, तुमच्या काळजाला देव बरं ठेवो. हात हल्ली क्वचितच येतो. आला की मी पायरीवर बसते, गाठ सोडायला घेते आणि बोलते, आज नको हो, पोरीचं सुखरूप होऊ दे. रागानं नाय बोलत, राग कधीच गेला. कधी कधी गोळी जिभेखाली जायच्या आधीच हात सुटतो. ते मी सिस्टरला सांगितलेलं नाय.